विश्लेषण : ‘मसाल्या’ची वाइन आपल्या जेवणाशी जुळते का?

भारतीय जेवणाबरोबर कोणती वाइन घ्यावी, असा प्रश्न निघाला की परदेशी मार्गदर्शक पुस्तकांत आणि बड्या हॉटेलांच्या शिफारशींत एक नाव हमखास पुढे येते : गेवुर्त्सट्रामिनर. कारणही ठरलेले असते. वाइनच्या नावात ‘मसाला’ आहे, भारतीय जेवण मसालेदार आहे, म्हणजे जोडी जमलीच. ही शिफारस अर्धीच खरी आहे आणि उरलेल्या अर्ध्या भागाची किंमत ग्राहक मोजतो. आयात बाटली स्वस्त नसते. भारतात आयात वाइनवर अनेक वर्षे १५० टक्के सीमाशुल्क आकारले जात आले आहे. एवढे पैसे टाकून आणलेली वाइन झणझणीत रश्श्याबरोबर घशात जाळ करते किंवा आंबट आमटीपुढे मिळमिळीत लागते, तेव्हा दोष वाइनचा नसतो आणि स्वयंपाकाचाही नसतो. मग तो कुणाचा, हे समजण्यासाठी या द्राक्षाची ओळख करून घ्यावी लागते.

नाव एवढे अवघड का?

उच्चार साधारण ‘गे-वुर्त्स-ट्रा-मी-नर’ असा. शब्द जर्मन आहे. ‘गेवुर्त्स’ म्हणजे मसाला आणि ‘ट्रामिनर’ म्हणजे ट्रामीनचा, ट्रामीन गावचा. हे गाव आज इटलीच्या उत्तर टोकाला, आल्प्सच्या कुशीतल्या दक्षिण टायरोल प्रांतात आहे. पहिल्या महायुद्धापर्यंत हा मुलूख ऑस्ट्रियाचा होता, त्यामुळे तिथे आजही बहुसंख्य लोक जर्मन बोलतात आणि गावाच्या पाटीवर ‘ट्रामीन’ आणि ‘तेर्मेनो’ अशी दोन्ही नावे असतात. या द्राक्षाची सर्वात प्रसिद्ध वाइन मात्र इटलीत नव्हे, तर फ्रान्सच्या पूर्व सीमेवरील अल्सास प्रांतात होते. अल्सासही १८७१ पासून जर्मनीकडे, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडे, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीकडे आणि दुसऱ्या महायुद्धाअखेर परत फ्रान्सकडे असा फिरत राहिला. जर्मन नावाची, उंच सडपातळ जर्मन धाटणीच्या बाटलीत भरलेली फ्रेंच वाइन असा हा प्रकार त्यातून आला. फ्रेंचांनी नावातल्या ‘यू’वरचे दोन टिंब तेवढे काढून टाकले.

‘गेवुर्त्स’ हा उपसर्ग तुलनेने अलीकडचा, एकोणिसाव्या शतकात रुळलेला. त्याआधी सगळेच ट्रामिनर. त्यातल्या जास्त वासाच्या वेलींना वेगळे ओळखण्यासाठी ‘मसाल्याचा ट्रामिनर’ म्हटले जाऊ लागले. अल्सासमध्ये तर ‘ट्रामिनर’ हे साधे नाव १९७३ मध्ये अधिकृतपणे बाद झाले. इथे मसाला म्हणजे सुगंध. मिरचीचा त्यात काही संबंध नाही. पुढचा सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो, पण त्याकडे थोडे नंतर येऊ.

द्राक्ष मूळचे ट्रामीनचेच का?

गावाचा तसा अभिमान आहे आणि मध्ययुगात ट्रामीनची वाइन जर्मन मुलखात नावाजलेली होती हेही खरे. पण वाइनला गावाचे नाव मिळाले म्हणजे द्राक्षही त्याच गावात जन्मले, असे होत नाही. जनुकीय तपासणीतून स्पष्ट झाले आहे, की ट्रामिनर आणि फ्रान्सच्या ज्युरा भागातले साव्हान्यँ ही एकच जात आहे. गेवुर्त्सट्रामिनर हा तिचाच गुलाबी सालीचा, अधिक सुगंधी अवतार. वेलीच्या एखाद्या फांदीत अचानक बदल होतो, शेतकऱ्याच्या तो लक्षात येतो, तो त्या फांदीची काडी तोडून दुसरीकडे लावतो आणि नवी ‘जात’ तयार होते. आपल्याकडे सोलापूर-सांगलीच्या बागायतदारांनी थॉमसन सीडलेसमधून लांब मण्याच्या जाती निवडल्या, तोच हा मार्ग. तज्ज्ञांचा कल मूळ जातीचे घर ईशान्य फ्रान्स आणि नैऋत्य जर्मनीच्या पट्ट्यात असावे, याकडे आहे.

या जातीचे वय किती असावे? २०१९ मध्ये ‘नेचर प्लांट्स’ या नियतकालिकात पुरातत्त्वीय उत्खननात सापडलेल्या द्राक्षबियांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात फ्रान्समधील ओर्लेआँ येथे मिळालेली, सुमारे ९०० वर्षांपूर्वीची एक बी आजच्या पांढऱ्या साव्हान्यँशी जनुकीयदृष्ट्या तंतोतंत जुळली. म्हणजे नऊ शतके माणसे याच वेलीची काडी तोडून लावत आली आहेत, एकदाही बी न पेरता. आपण आज पितो ती वाइन त्याच झाडाच्या लांबलेल्या आयुष्यातून येते.

या कुटुंबाने लोकांना फसवलेही बरेच. ऑस्ट्रेलियातले बागायतदार काही वर्षे अल्बारिन्यो ही स्पॅनिश जात म्हणून एक द्राक्ष लावत आणि विकत होते. २००९ च्या सुमारास डीएनए तपासणीत ते साव्हान्यँ निघाले आणि लेबले बदलावी लागली. डोळ्यांनी जात ओळखण्याच्या भरवशावर बाग उभी करणे किती महागात पडू शकते, याचे हे उदाहरण द्राक्षशेतीत आजही दिले जाते.

वाइनला लिचीचा वास कसा येतो?

ग्लास नाकाजवळ नेताच लिची आणि गुलाब. वाइनचा अजिबात सराव नसलेल्यालाही हे ओळखता येते, आणि वाइनच्या जगात असे फार क्वचित घडते. एरवी ‘काळ्या मनुकांची झाक’, ‘ओल्या दगडाचा गंध’ वगैरे वर्णने वाचून सामान्य माणूस आपल्याच नाकावर शंका घेतो. इथे तसे करावे लागत नाही. लिची, गुलकंद, थोडे आले, कधी जायफळ.

हा कवीकल्पनेचा भाग नाही. गुलाबाच्या तेलात आढळणारे ‘रोज ऑक्साइड’ नावाचे संयुग या वाइनमध्ये असते. १९९९ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी लिचीचे फळ आणि गेवुर्त्सट्रामिनर वाइन यांच्या गंधरसायनांची तुलना केली. लिचीचा वास ज्या संयुगांमुळे येतो, त्यातली बरीच या वाइनमध्येही महत्त्वाची असल्याचे त्यांना आढळले. त्यात रोज ऑक्साइडचे एक रूप ठळक होते. जोडीला जिरॅनिऑल, लिनालूल, सिट्रोनेलॉल ही टर्पीन गटातील सुगंधी द्रव्ये असतात. गुलाब, गवती चहा, धणे यांच्या वासात यांपैकीच कुणी ना कुणी असते. वेलीत ही द्रव्ये जास्त का बनतात, याचाही माग लागला आहे. मस्कत द्राक्षात टर्पीन तयार होण्याच्या साखळीतले एक जनुक बदललेले असते; गेवुर्त्समध्ये त्याच जनुकात वेगळ्या ठिकाणी बदल आहे. दोन निराळ्या कुटुंबांनी एकाच कुलपाला दोन किल्ल्या शोधल्या.

ही द्रव्ये मुख्यतः सालीत आणि सालीलगतच्या गरात असतात. त्यातला बराच भाग साखरेच्या रेणूंशी बांधलेला असल्याने ताज्या द्राक्षाला तेवढा वास येत नाही. आंबवण्याच्या क्रियेत तो मोकळा होतो. पिकलेल्या मण्याची साल गुलाबी ते तपकिरी-लालसर असते, त्यामुळे ‘पांढरी’ वाइन असूनही रंग गडद सोनेरी, कधी तांबूस छटेचा दिसतो. आणि साल जास्त पिळली, तर वासाबरोबर कडवटपणाही उतरतो. घोटाच्या शेवटी जाणवणारी हलकी कडू चव ही या वाइनची खूण. मर्यादेत असली तर छान, सुटली तर औषधी.

ही वाइन गोड असते का?

इथे सर्वाधिक फसगत होते. नाकाला गुलकंद जाणवला की मेंदू जिभेला गोडाची तयारी करायला सांगतो. त्यामुळे साखर जवळपास न उरलेली, म्हणजे ‘ड्राय’ गेवुर्त्ससुद्धा पहिल्या घोटाला गोड भासते. उलट प्रत्यक्षात बरीच साखर असलेली बाटलीही बाजारात तितकीच सहज असते, आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.

साखर राहते कशी? हिशेब सोपा आहे. द्राक्षरसातील साधारण १७ ग्रॅम साखरेपासून लिटरमागे एक टक्का अल्कोहोल बनते. गेवुर्त्स साखर भराभर साठवणारे द्राक्ष आहे. समजा रसात लिटरला २५० ग्रॅम साखर आहे. सगळी आंबू दिली, तर वाइन पावणेपंधरा टक्क्यांच्या आसपास जाते. पिणाऱ्याला घशात ऊब नव्हे, आच लागते. म्हणून वाइन करणाऱ्याने १३ टक्क्यांवर क्रिया थांबवली, तर लिटरला जवळपास ३० ग्रॅम साखर शिल्लक राहते. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत ती २२ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहाचे चार-पाच चमचे. दोन्ही बाटल्यांवर नाव एकच, गाव एकच.

अल्सासच्या वाइनबद्दल ग्राहकांची ही तक्रार जुनी होती. ‘बाटली उघडेपर्यंत कळत नाही’ असे रेस्तराँवाले म्हणत. काही घराण्यांनी आपली शैली ठाम ठेवली. रिबोव्हिले गावातील त्रिंबाक हे १६२६ पासूनचे घराणे ड्राय वाइनसाठी ओळखले जाते. त्युर्कहाइमच्या झिंद-उंब्रेख्त यांनी २००१ पासून लेबलावर गोडव्याचा एक ते पाच असा स्वतःचा अंक छापायला सुरुवात केली. शेवटी नियम आला. २०२१ च्या हंगामापासून अल्सासच्या साध्या, बुडबुडे नसलेल्या पांढऱ्या वाइनवर गोडव्याचा उल्लेख बंधनकारक झाला : लिटरला चार ग्रॅमपर्यंत ‘सेक’, त्यापुढे बारापर्यंत ‘दमी-सेक’, बारा ते पंचेचाळीस ‘मोएलो’ आणि त्याहून जास्त असेल तर ‘दू’. आम्लता जास्त असेल तर पहिल्या दोन पायऱ्यांत थोडी सूट मिळते. हे चार शब्द ओळखता आले, की लेबलावरचे बाकीचे फ्रेंच नाही समजले तरी चालते.

‘व्हांदांज तार्दिव्ह’ म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची आणि ‘सेलेक्सियों द ग्रँ नोब्ल’ म्हणजे बुरशीने सुकलेले मणी वेचून केलेली वाइन. हे दोन खास प्रकार १९८४ पासून नियमबद्ध आहेत. यातली दुसरी तर मधासारखी असते आणि छोट्या पेल्यात घोट-घोट घ्यायची असते.

तिखट आणि मसाला यांत नेमका काय घोळ झाला?

इंग्रजीत ‘स्पायसी’ हा एकच शब्द मिरचीच्या जाळासाठी वापरतात आणि दालचिनी-वेलचीच्या दरवळासाठीही. मराठीत असे होत नाही. आपल्याकडे तिखट वेगळे, मसालेदार वेगळे, आणि झणझणीत म्हटले की समोरचा पाण्याचा तांब्या जवळ ओढतो. ‘स्पायसी वाइन, स्पायसी फूड’ हा सल्ला इंग्रजीच्या या एका शब्दावर उभा आहे. जर्मन नावातला मसाला सुगंधाचा, आणि तो नेऊन जोडला मिरचीशी. मराठीत हा सल्ला मुळात तयारच झाला नसता.

मिरचीतले कॅप्सायसिन जिभेवरच्या ज्या संवेदकाला चेतवते, तो खरे तर उष्णता ओळखणारा संवेदक आहे. टीआरपीव्ही-१ असे त्याचे नाव, आणि त्याच्या शोधाबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या वैद्यकाच्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. हा संवेदक एरवी ४२ अंश सेल्सियसच्या आसपास ‘भाजतेय’ असा निरोप मेंदूकडे धाडतो. पण २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले, की अल्कोहोलच्या सान्निध्यात ही मर्यादा सुमारे ३४ अंशांवर उतरते. म्हणजे शरीराच्या नेहमीच्या तापमानाहूनही खाली. आधीच मिरचीने चेतलेल्या तोंडात १४ टक्क्यांची वाइन गेली, की आगीत तेलच. तांबड्या रश्श्याबरोबर ड्राय, भरपूर अल्कोहोलची गेवुर्त्स ही म्हणून वाईट निवड आहे. त्यापेक्षा ताक बरे.

साखर आणि थंडपणा मात्र जाळ शमवतात. तिखटाबरोबर चालणारी वाइन ही कमी अल्कोहोलची, थोडी गोड आणि गार असावी लागते. ‘दमी-सेक’ किंवा ‘मोएलो’ गेवुर्त्स या कसोटीला निम्मी उतरते : गोडवा आहे, अल्कोहोल तरीही बरेच आहे. खरे सांगायचे तर या कामाला जर्मनीच्या मोझेल भागातली आठ-नऊ टक्क्यांची, जरा गोडसर रीसलिंग अधिक लायक आहे. पण तिच्या नावात मसाला नाही, त्यामुळे शिफारशीत ती मागे राहते.

दुसरी अडचण आंबटपणाची, आणि तिची चर्चा फारच कमी होते. जेवण वाइनपेक्षा आंबट असले, तर वाइन पाणचट लागते. गेवुर्त्समध्ये आम्लता मुळातच कमी. आणि आपल्या स्वयंपाकात चिंच, आमसूल, लिंबू, दही यांपैकी एक तरी असतेच. चिंच-गुळाच्या आमटीपुढे ही सुगंधी वाइन अत्तर शिंपडलेल्या पाण्यासारखी होते. सोलकढीबरोबर तर दोघांचेही नुकसान. व्हिनेगरवर उभ्या असलेल्या गोव्याच्या विंदालूचेही तेच. तिखट आणि आंबट दोन्ही एकदम, म्हणजे दुहेरी पराभव.

मग आपल्या ताटातले काय चालेल?

ज्या पदार्थात गरम मसाल्याचा दरवळ आहे, नारळाचे दूध किंवा काजूचा गुळगुळीतपणा आहे, मिरची बेताची आहे आणि आंबट जवळजवळ नाही, असे सगळे. कोल्हापूरच्या एकाच ताटात याचा निवाडा होतो. तांबडा रस्सा नको. शेजारची वाटी घ्या. पांढऱ्या रश्श्यात नारळाचे दूध, काजू-खसखशीचे वाटण, दालचिनी, लवंग, वेलदोडा. चव सौम्य पण भरदार. गेवुर्त्सचे तेलकट, जाडसर अंग आणि गुलाबी वास त्याला पेलतो. मटणाच्या आळणी सुपाच्या जोरावर तयार झालेल्या या रश्श्याशी एखादी पातळ, करकरीत आंबट वाइन जमत नाही, ही जमते.

गोव्याकडचे माशाचे काल्दीन हा दुसरा उत्तम उमेदवार : हळद, धणे-जिरे, नारळाचे दूध, एखाद-दुसरी हिरवी मिरची. त्यात आंबट कमी घाला, एवढेच सांगणे. शाकुतीत जायफळ, खसखस, भाजलेले खोबरे असते, म्हणून ती कागदावर चांगली दिसते. प्रत्यक्षात सुक्या मिरच्या किती पडल्या यावर सगळे अवलंबून. शाकाहारी ताटात ओल्या काजूची उसळ. आणि गोड्या मसाल्याचा मसालेभात, वर ओले खोबरे, लिंबाची फोड मात्र बाजूला. ‘गोडा’ मसाला हे नावच आपल्या पूर्वसुरींनी दरवळ आणि जाळ वेगळे ठेवल्याचा पुरावा आहे.

पुरणपोळीबरोबर लोक मोहाने ही वाइन उघडतात, कारण जायफळ-वेलचीची नाती जुळतात. पण वाइन पदार्थापेक्षा गोड असायला हवी, नाहीतर ती कडू लागते. पुरणापुढे साधी गेवुर्त्स टिकत नाही. उशिरा तोडणीचीच हवी, आणि तेवढ्या पैशांत बरेच पुरण होते.

अल्सासमध्ये स्वतः लोक हिच्याबरोबर काय खातात? मुन्स्टर. व्होज डोंगरातले, साल वारंवार धुऊन मुरवलेले हे चीज. वास इतका उग्र की फ्रीज उघडताच घरभर कळावे. त्याच्याबरोबर शहाजिऱ्याच्या जातीचे दाणे वाटीत ठेवतात. उग्र, खारट, स्निग्ध चीज आणि गुलाबाची वाइन ही जोडी ऐकायला विचित्र वाटते, चाखल्यावर नाही. आपल्याकडच्या सुक्या बोंबलाच्या चाहत्यांना ती कदाचित लवकर पटेल. शिवाय तिथे बदक-हंसाच्या यकृताचा फोआ ग्रा असतो. ट्रामीनकडे धुरावलेले डुकराचे मांस आणि कोळंबीवर्गीय मासळी. या यादीत मिरची कुठेच नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

अल्सासच्या बागायतदारांना चिंता कसली?

अल्सासच्या द्राक्षक्षेत्राचा साधारण पाचवा हिस्सा गेवुर्त्सचा आहे. तिथल्या ५१ ‘ग्राँ क्रू’ म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या शिवारांत परंपरेने ज्या चार ‘उच्च’ जातींना मान आहे, त्यातली ती एक. हा प्रदेश व्होज डोंगराच्या पर्जन्यछायेत येतो. कोल्मार हे फ्रान्समधील सर्वात कमी पावसाच्या शहरांपैकी एक. सह्याद्री ओलांडून दुष्काळी पट्ट्यात उतरणाऱ्या माणसाला ही भूगोलाची गंमत समजावून सांगावी लागत नाही. लांब, कोरडा, थंड होत जाणारा शरद ऋतू ही या द्राक्षाची गरज होती, आणि नेमका तोच बिघडतो आहे.

वास सालीत अगदी शेवटी भरतो. साखर मात्र आधीच वाढलेली असते आणि आम्लता उतरत असते. लवकर तोडले तर आम्ल मिळते, सुगंध अर्धा राहतो, कडवटपणा राहतो. थांबले तर सुगंध मिळतो, पण अल्कोहोल चढते किंवा साखर उरते. पूर्वी थंड रात्री हे तीन घोडे एका रेषेत ठेवत. आता उन्हाळे तापत आहेत; एका पिढीपूर्वी ऑक्टोबरात चालणारी तोडणी सप्टेंबरात, कधी त्याहूनही आधी सुरू होते. लेबलावरच्या गोडव्याच्या नियमामागे ग्राहकांची तक्रार होतीच, पण रसातल्या वाढत्या साखरेचाही हात होता.

हिवाळा उबदार गेला, तर आणखी एक संकट. ही वेल लवकर फुटते. कोवळ्या फुटीवर एप्रिलमध्ये गोठणारे दंव पडले, की वर्षाचे पीक त्या रात्रीच जाते. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्सभरच्या बागांनी ते अनुभवले. फुलोऱ्यात हवा थंड-ओली राहिली तर मणीगळ, आणि घड मुळातच लहान. उत्पादन असे बेभरवशाचे.

बाजारही फिरला आहे. तरुण ग्राहकाला हलकी, करकरीत, कमी अल्कोहोलची वाइन हवी. अल्सासची फेसाळ ‘क्रेमाँ’ जोरात आहे; प्रांताच्या उत्पादनात तिचा वाटा चौथ्या हिश्श्याहून अधिक झाला आहे. पण क्रेमाँसाठी परवानगी असलेल्या जातींत गेवुर्त्स नाही. म्हणजे रीसलिंग किंवा पिनो लावणाऱ्या शेतकऱ्याला साध्या वाइनला भाव नसताना फेसाळ वाइनचा दुसरा रस्ता आहे, गेवुर्त्सवाल्याला नाही. बाग एकदा लावली की पंचवीस-तीस वर्षांची बांधिलकी, त्यामुळे उपटायची की ठेवायची हा निर्णय तिथे आज घरोघरी आहे. काही जण डोंगराच्या सावलीच्या उतारांकडे, चिकणमाती-चुनखडीच्या गार जमिनीकडे सरकत आहेत. काही सालीसकट आंबवून केशरी रंगाची, पूर्ण ड्राय वाइन करत आहेत. ही नवी वाइन लिचीच्या अपेक्षेने घेणाऱ्याला दचकवते, पण सुगंध आणि कडवटपणा दोन्ही उघडपणे स्वीकारण्याचा हा प्रयोग मला तरी प्रामाणिक वाटतो.

ट्रामीनकरांचे त्या मानाने बरे चालले आहे, कारण त्यांच्याकडे उंची आहे. ऊन दक्षिणेचे, रात्र आल्प्सची. तिथल्या सहकारी वाइनरीने २००९ च्या हंगामाची एक गोडसर गेवुर्त्स सुमारे २,००० मीटर उंचीवरच्या बंद पडलेल्या खाणीत वर्षानुवर्षे मुरवली; अमेरिकेतील एका प्रभावी वाइन नियतकालिकाने तिला १०० पैकी १०० गुण दिले. गावच्या सोसायटीने एवढी मजल मारावी, ही बाब साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राने नोंद घ्यावी अशी.

नाशिकमध्ये हे द्राक्ष का दिसत नाही?

महाराष्ट्रातील पांढऱ्या वाइनचा कणा शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ या दोन जाती आहेत. गेवुर्त्स मुख्य जातींत नाही आणि त्याला कारण आहे. युरोपात द्राक्ष पिकत जाते तशी हवा थंड होते. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी करून वेलीला हिवाळ्यात फळ धरायला लावतात; तोडणी येते जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे हवा तापू लागताना. आम्लता टिकवून धरणारे शेनिन ब्लाँ हा ताप सहन करते. मुळातच आम्लता कमी असलेल्या द्राक्षाचे अशा हवेत काय होईल, हे सांगायला नको. सुगंधी पांढऱ्या वाइनची हौस भागवायची तर दिंडोरी परिसरात व्हियोन्ये ही जात चांगली रुजली आहे. तिचा वास लिचीचा नसून जर्दाळू आणि फुलांचा, अंग मात्र तसेच भरदार. पांढऱ्या रश्श्याबरोबर ती कमी खर्चात जवळपास तेच काम करते. आणि बेत खरोखर तिखट असेल, तर किंचित गोडसर शेनिन ब्लाँ, खूप गार.

घेताना आणि पिताना काय पाहावे?

लेबलावर आधी अल्कोहोलचा आकडा आणि गोडव्याचा शब्द पाहावा, मग गावाचे नाव. उशिरा तोडणीची आणि ग्राँ क्रू सोडल्यास ही वाइन मुरवत ठेवण्यात अर्थ नाही. दुकानातल्या उभ्या, तापलेल्या कपाटात चार-पाच उन्हाळे काढलेली बाटली सवलतीत मिळाली तरी घेऊ नये. फ्रीजमधून काढल्याबरोबर ओतली तर वास गोठलेला असतो. पंधरा-वीस मिनिटे बाहेर ठेवून दहा अंशांच्या आसपास आली की लिची दिसू लागते. मुंबईच्या मे महिन्यात दहा मिनिटे पुरतात.